बिनआवाजाचा पंखा

घरी गाणी रेकॉर्ड करता यावीत म्हणून थोरलीने जुनेपुराणे भाग जमवून कॉम्प्युटर जोडला. त्यातला पंखा तेवढा नवा, बिनआवाजाचा घेतला. दुपारी बाबा शेजारच्या खोलीत लवंडल्यावर तिने गाण्याआधी खोलीतली नुसती शांतता रेकॉर्ड केली. हेडफोनमध्ये बारीक शिट्टी वाजत होती. तिने पंखा थांबवून पाहिला, वायर बदलली, फ्रिज बंद केला. शिट्टी हटेना. शेवटी तिने मधल्या दाराला कान लावला. बाबा उठताच तिने ते रेकॉर्डिंग लावून हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. "सांगत होतो, स्वस्तातल्या मालाच्या नादी लागू नकोस," ते म्हणाले. "पंखा बदलून आण." "पंखा नाही, बाबा. झोपेत तुमचा श्वास वाजत होता." डॉक्टरचं नाव काढलं की 'मला काय धाड भरलीय' म्हणणाऱ्या बाबांनी ते पुन्हा ऐकलं. हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "चपला कुठे आहेत माझ्या?"