खर्जाची तार

धाकटा भाऊ गेल्यावर ताईने त्याची गिटार दुकानात नेली. त्याचा आवाज खर्जातला, म्हणून तो तारा फार खाली उतरवून लावायचा आणि त्या सैल पडून खडखडायच्या.

"इतक्या खालच्या सुराला जाड तारा हव्यात," दुकानदार म्हणाला. "बारीक तार एवढी उतरवली की तिच्यात जीव राहत नाही."

"त्यालाही सगळे हेच सांगायचे. ऐकेल तर शपथ."

दुकानदाराने सगळ्यात जाड तारा चढवल्या आणि भावाचाच सूर लावून दिला. "खोलीत कोणी नेमक्या याच सुरात गायलं, तर खर्जाची तार आपसूक घुमेल. घाबरू नका."

घरी तिने गिटार त्याच्या पलंगावर आडवी ठेवली. भर दुपार होती आणि घरात ती एकटीच होती. थोड्या वेळाने खर्जाची तार हलकेच घुमू लागली.

ताई ऐकत बसली. मग तिला ऐकवेना. तिने तारेवर तळहात घट्ट दाबला, तशी तार हाताखाली निपचित झाली.

घुमणं मात्र उशीकडून येतच राहिलं. मध्ये एकदा, श्वास घेण्यापुरतं, ते थांबलं.