त्रेचाळीस रिव्हेट

"शत्रू आधी रिव्हेट मोजतो आणि मग घाबरतो," शेषगिरीराव म्हणाले. "ज्या देशात हेलिकॉप्टर इतकं अचूक बनतं, त्या देशाकडे वाकड्या नजरेनं बघायची कोणाची छाती होणार नाही."

"पाय उचला," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. त्यांना टेबलाखालची फरशी पुसायची होती.

शेषगिरीरावांनी पाय उचलले. चिमट्यात बेचाळिसावा रिव्हेट होता, मोहरीच्या दाण्याहून लहान. तो जागेवर बसेपर्यंत त्यांनी श्वास रोखून धरला. पायही वरच राहिले.

टेबलावर लढाऊ हेलिकॉप्टरचं मॉडेल उभं होतं. रशियन बनावटीचं, मूळच्या पस्तिसाव्या हिश्शाचं, पंखांखाली रॉकेटांची नळकांडी. चेन्नईतल्या वेलचेरी भागातल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जेवणाचं टेबल एकच होतं आणि चौदा महिने ते हेलिकॉप्टरकडे होतं. नवराबायको खाली बसून जेवत.

शेषगिरीराव तंजावरकडचे, संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेले. कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं रणगाड्यातल्या आसनांचे स्क्रू तपासले. हेलिकॉप्टरमध्ये ते कधी बसले नव्हते. विमानातही एकदाच, आणि तेव्हा डोळे मिटून.

चेन्नईतल्या मॉडेलवाल्यांच्या मंडळाची वार्षिक स्पर्धा पंधरा दिवसांवर आली होती. गेली चार वर्षं पहिला नंबर वादिराज या निवृत्त बँक मॅनेजरचा आणि दुसरा शेषगिरीरावांचा. यंदा उजवा हात थरथरू लागला होता. हे शेवटचं, असं त्यांनी बायकोला सांगितलं होतं. तिनं ते कॅलेंडरवर तारखेसकट लिहून ठेवलं.

स्पर्धेचा नियम साधा होता. मॉडेल ज्या यंत्राचं, ते यंत्र कुठे आहे हे आधी नोंदवायचं. शंका आली तर परीक्षक तिथे जाऊन पडताळणार. शेषगिरीरावांनी नोंदवलं होतं चेन्नईबाहेर समुद्रकाठच्या कोवलमजवळ एका उद्यानात ठेवलेलं हेलिकॉप्टर, सेवेतून काढलेलं.

तीन वर्षांपूर्वीही त्यांनी हेच बनवलं होतं. तेव्हा खारी हवा खाऊन कोवलमचं हेलिकॉप्टर ताडपत्रीखाली दुरुस्तीला होतं, म्हणून पुस्तकातल्या धुरकट फोटोंवर भागवलं. निम्मं फोटोवरून, निम्मं अंदाजानं. नंबर आला दुसरा. मात्र उद्यानवाल्यांना ते आवडलं. त्यांनी ते सहा महिने मांडायला नेलं आणि परत दिलं तेव्हा त्याच्यावर पेन्सिलीच्या रेघोट्या होत्या.

या वेळी अंदाज नको, असं ठरवून शेषगिरीराव बसनं सतरा वेळा कोवलमला गेले. आडवं पडून पोटाखालची मापं घेतली, शर्टाला ग्रीस लावून घेतलं. घरी येऊन जुन्या मॉडेलशी ताडून बघतात तो काय, जुना अंदाज रिव्हेटसुद्धा न चुकता बरोबर!

"याला नजर म्हणतात," त्यांनी बायकोला सांगितलं.

"शर्ट भिजत घाला," ती म्हणाली.

स्पर्धेच्या दिवशी वादिराज भिंग आणि जाडजूड पुस्तक घेऊन आला. स्वतःचं मॉडेल सोडून तो शेषगिरीरावांच्या हेलिकॉप्टरवर वाकला.

"अण्णा, दारामागच्या पत्र्यावर रिव्हेट त्रेचाळीस. पुस्तकात सत्तेचाळीस. चार कुठे गेले? इडलीबरोबर खाल्लेत का?"

हॉल हसला.

"आणि शेपटीवरचा हा पिवळा पट्टा? घसरगुंडीवर बसल्यासारखा झालाय."

"पुस्तक लिहिणारा रशियात बसलाय," शेषगिरीराव म्हणाले. "हेलिकॉप्टर कोवलमला उभं आहे. जा, मोज."

परीक्षक होते निवृत्त विंग कमांडर प्रतापसिंह. त्यांनी अकरा वर्षं हीच हेलिकॉप्टरं उडवली होती. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मी आत बसायचो," ते म्हणाले. "बाहेरून कधी मोजले नाहीत. चला."

मंडळाच्या व्हॅनमध्ये नऊ जण, रत्नप्रभाबाई आणि मांडीवर मॉडेल, अशी वरात कोवलमला निघाली. वाटेत खड्डा आला की शेषगिरीराव मांडीवरचं मॉडेल दोन्ही हातांनी उचलून धरत.

उद्यानात वादिराज शिडीवर चढला आणि मोठ्यानं मोजू लागला. तिसाच्या पुढे खालची मंडळीही त्याच्याबरोबर मोजू लागली.

"एक्केचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस."

वादिराजनं पुढच्या पत्र्यावर बोट फिरवलं. सपाट. तो उलट्या बाजूनं मोजत आला. त्रेचाळीस. मग खिशातून कोनमापक काढून पिवळ्या पट्ट्याला लावला, नंतर मॉडेलच्या पट्ट्याला. दोन्ही दोन अंश खाली.

शिडीवरून उतरून तो थेट शेषगिरीरावांच्या पायाशी वाकला. "हरलो, अण्णा. पुस्तक जाळतो."

"जाळू नकोस. लिहिणाऱ्याला पत्र टाक, चूक सुधार म्हणावं."

प्रतापसिंहांनी तिथेच, समुद्राच्या वाऱ्यात, शेषगिरीरावांना शाल घातली. "या यंत्राची याहून खरी नक्कल जगात सापडणार नाही," ते म्हणाले. टाळ्या वाजल्या. शाल उडाली, वादिराजनं पळत जाऊन आणली. रत्नप्रभाबाईंनी लगेच फोटो काढला आणि चष्मा पुसायच्या निमित्तानं डोळे पुसले.

गर्दी पांगेपर्यंत उद्यानाचा रंगारी एळुमलै बाजूला उभा होता. मग तो पुढे आला आणि हात जोडून तमिळमध्ये म्हणाला, "सार, गेल्या दुरुस्तीत गंजलेला सगळा पत्रा नवा बसवला, तो तुमच्या जुन्या मॉडेलवरनंच. पण ते फळीवर चिकटवलेलं, म्हणून पोटाखालचं दिसलं नाही, ते आमच्या मनानं केलं. हे नवीन आठ दिवस देता का? तेवढं बरोबर करून टाकतो."