परतीचा चढ

"इंजेक्शन पिशवीत आहे," एलियट म्हणाला.

डुएननं वर चढाकडं पाहिलं. पिशवी तीन मैल मागं, स्टेशनच्या आवारात, त्याच्या पिकअपमध्ये होती. सकाळी त्यानंच ती एलियटच्या खांद्यावरून ओढून सीटवर फेकली होती. "काय मास्तर, दोन तासांची तर सैर. चंद्रावर निघालोय का?" टेसा खुदकन हसली होती. एलियट काहीतरी बोलू पाहत होता, पण तिचं हसू बघून तो गप्प बसला, आणि डुएननं दाराला कुलूप लावलं.

टेसाचा आज नववा वाढदिवस. हट्ट एकच होता, रुळांवरच्या सायकलवर दोघांनीही यायचं: तिच्या बापानं, डुएननं, आणि आईच्या नव्या नवऱ्यानं, एलियटनंही. लाकूड वाहणारी गाडी बंद पडून तीस वर्षं झाली होती. आता त्याच रुळांवर चार-चार माणसं पॅडल मारत दरीत उतरत, रुळांच्या टोकाला नदीकाठी सँडविच खात आणि परत चढून येत. त्या टोकालाच लेमोनेडच्या ग्लासावर घोंघावणारी गांधीलमाशी टेसाच्या मानेला डसली.

पाच मिनिटांत तिचे ओठ सुजले. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला.

मर्ल हा त्यांचा वाटाड्या. पूर्वी याच लायनीवर ब्रेक सांभाळायचा. त्यानं वायरलेस कानाला लावला. नुसती खरखर. "दरीत लागत नाही. दुसऱ्या वळणाशी लागेल. इंजेक्शनचं पेन आहे का कुणाकडं?"

कुणाकडंच नव्हतं. एका बाईकडं अ‍ॅलर्जीची गोळी निघाली, पण टेसाला ती गिळता येईना.

परतीच्या रांगेत त्यांची सायकल शेवटची होती. पुढच्या तिन्ही सायकली लोकांनी अंगाला घाम फुटेस्तोवर उचलून रुळांबाहेर काढल्या. मर्ल आणि डुएन पुढं बसले. मागं एलियटनं टेसाला मांडीवर ताठ बसवलं.

"त्याला पुढं बसव," मर्ल म्हणाला. "पोरीला तू घे. बाप ना तू?"

"हा काय पॅडल मारणार!" डुएन खेकसला. "पाय बघ त्याचे. चल!"

चढ सुरू झाला. डुएन आरागिरणीत ओंडके ओढणारा माणूस. मांड्या पेटल्या, घशात लोखंडाची चव आली, तरी तो थांबला नाही. ही अ‍ॅलर्जी त्याला ऐकून माहीत होती. टेसाची आई शॉना फोनवर सांगायची, तेव्हा त्याला वाटायचं, बाईला राईचा पर्वत करायची सवयच आहे.

मागून एलियटचा आवाज येत होता. अजिबात न चढणारा, न थरथरणारा. "नाकानं घे, टेसा. हळू. मागच्या खेपेसारखं. आठवतं ना, स्वयंपाकघरात बसलो होतो? आता सोड."

मागची खेप? डुएनला मागची खेप माहीतच नव्हती.

"ती बोलत का नाहीये?" तो ओरडला.

"बोलवू नकोस तिला. पॅडल मार."

दुसऱ्या वळणाशी वायरलेस लागला. मर्ल धापा टाकत सांगू लागला. "डोरिन, अ‍ॅम्ब्युलन्स बोलाव! आणि एक लाल पिकअप आहे आवारात..."

"काच फोड!" डुएन मध्येच किंचाळला. "सीटवर निळी पिशवी आहे. फोड काच!"

शेवटचा अर्धा मैल उरला तेव्हा ती दिसली. तिकिटं फाडणारी डोरिन, सत्तरीची, पिशवी छातीशी धरून रुळांखालच्या स्लीपरांवरून धडपडत पळत येत होती. हाताला काच लागून रक्त आलं होतं. डुएननं उडी मारून पिशवी हिसकावली, पेन काढलं, टोपण दातानं उपटलं आणि टेसाच्या मांडीवर हात उगारला.

"उलटं आहे!" एलियटनं त्याचं मनगट धरलं. "सुई तुझ्या अंगठ्यात जाईल."

डुएनचा हात तसाच थिजला. पिशवीत पेनं दोनच होती. एलियटनं त्याच्या मुठीतून पेन सोडवून घेतलं, फिरवलं, जीन्सवरूनच मांडीत दाबलं आणि मोजलं. टेसाचे ओठ जांभळे पडले होते.

मग एक श्वास आत गेला. ओबडधोबड, पण पूर्ण. त्यामागोमाग दुसरा.

डुएन रुळावरच बसला.

ते आवारात शिरले तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्स नुकतीच येऊन उभी राहिली होती. एका तरुणीनं टेसाला स्ट्रेचरवर घेतलं, तोंडावर मास्क चढवला आणि डुएनकडं वळून भराभर विचारलं, "वजन किती? दम्याचं औषध चालू आहे? याआधी असं कधी झालं होतं?"

डुएन एलियटकडं वळला.

"साठ पौंड," मागून एलियट म्हणाला. "दम्याचा पंप रोज सकाळ-संध्याकाळ. याआधी मार्चमध्ये, रात्रभर दवाखान्यात होती. दुसरं पेन पिशवीत आहे, अजून वापरलेलं नाही."

तरुणीनं लिहून घेतलं. "आत एकालाच बसता येईल. वडील कोण?"

एलियट दोन पावलं मागं सरकला. त्यानं डुएनला वाट करून दिली.

"हे," डुएन म्हणाला. त्यानं एलियटच्या पाठीवर हात ठेवून त्याला आत चढवलं, आणि दार बाहेरून स्वतः लावलं.