निळं काही नको

"निळे कपडे घालू नका, त्सेत्से माश्या निळ्या रंगावर तुटून पडतात," असं टांझानियातल्या सफारीचा वाटाड्या लोमयानी प्रत्येक पाहुण्याला बजावायचा. तरीही खाकीतल्या पाहुण्यांना माश्या चावायच्याच. शेवटी दार-एस-सलामहून आलेल्या नव्या मालकांनी दम दिला, "आणखी एक तक्रार आली, तर तुझी नोकरी गेली. उद्या मी स्वतः गाडीत बसतोय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे पाहुणे हसत गाडीतून उतरले. एकालाही माशी चावली नव्हती.

तळावरची स्वयंपाकीण नीमा लोमयानीला म्हणाली, "काय रे, आज माश्यांचा उपास होता वाटतं?"

"उपास कसला! पोटभर जेवल्या. सकाळी मीच मालकांना म्हटलं, साहेब, तुमचा तो निळा सूट काय शोभतो तुम्हाला!"