एकशे ब्याऐंशी तक्रारी

रविवार, दुपारी चार वाजून बारा मिनिटं. नागोयातल्या एका तळघरातल्या हॉलमध्ये ‘ओनिगामा’ या हेवी मेटल बँडचं शेवटचं गाणं संपलं, दिवे लागले, आणि एकशे ब्याऐंशी माणसं जिथे उभी होती तिथेच खाली बसून प्रश्नावली भरू लागली.

ही पद्धत एकतीस वर्षांची. आत शिरताना एक छापील कागद आणि पेन्सिलीचा तुकडा हातात मिळतो. कान बधिर झालेले लोक जाताना मत लिहून देतात, आणि मत म्हणजे तक्रार. आवडलं ते लिहायची गरज कोणाला वाटत नाही. आवडत नसतं तर आलेच नसते.

व्यवस्थापक ओकिता दाराशी पेटी धरून उभा होता. हॉल गार होता, तरी त्याच्या शर्टाची पाठ भिजली होती.

गायक शिमोदा फेब्रुवारीत पक्षाघाताने कोसळला. त्याची वाचा गेली. रुग्णालयात तो नव्याने बोलायला शिकत होता. आज त्याच्या जागी चेहऱ्याला पांढरा-काळा रंग फासून गायला तो नागासे, वय चौतीस, राहणार कानाझावा. आठवडाभर तो लिफ्ट तपासायचा आणि सुट्टीच्या दिवशी ओनिगामाचीच गाणी हुबेहूब गायचा. रंगाशिवाय शिमोदाचा चेहरा चाहत्यांनी कधी पाहिलाच नव्हता. ओकिताच्या हिशेबाने ही अदलाबदल हॉलमध्ये पाच जणांना ठाऊक होती: ओकिता, नागासे आणि बँडमधले उरलेले तिघं.

लपवायचं ठरलं ते ड्रमवाल्याच्या बोलण्यावरून. “आम्ही तिघं साठीला आलोय,” तो म्हणाला होता. “एकदा थांबलो की पुन्हा उभे राहणार नाही. मग शिमोदा बरा होऊन येणार कुठे?”

चाहत्यांना कळलं असतं, तर पुढच्या सहा कार्यक्रमांचं सोडाच, ओनिगामाचं नावच संपलं असतं.

सर्वांत आधी साकाकी आला. चाहता मंडळाचा सभासद क्रमांक चार, महापालिकेच्या पाणी खात्यात कारकून. त्याच्या मागे क्रमांक नऊ, हामानो बाई. त्यांचं जेवणाच्या डब्यांचं दुकान होतं, आणि आज ते बंद होतं.

“ओकिता-सान, ड्रमचा सोलो अकरा मिनिटं,” साकाकी म्हणाला. “घड्याळ लावून मोजलाय.”

“मागच्या वेळी नऊ मिनिटांचा होता, तेव्हा कमी पडला म्हणालात.”

“कमीच होता. दहा करा ना. कोण अडवतंय?”

“साकाकींचं मनावर घेऊ नका,” हामानो बाई म्हणाल्या. “सोलो सुरू झाला की हे गुडघे चोळत बसतात. माझं म्हणणं एवढंच, तुम्ही बँडच्या नावाचे टॉवेल विकता ना, त्यांचा काळा रंग धुण्यात जातो. आमच्या ह्यांचे सगळे बनियन राखाडी झालेत.”

“रागावले असतील.”

“छे. त्यांना वाटतं मी तसलेच आणलेत.”

ओकिता हसला, जरा जास्तच. मग त्याने पेटी दुसऱ्या हातात घेतली. “आणि बाकी? एकंदरीत?”

साकाकीने खांद्यावरची पिशवी सारखी केली. “बाकी काय. बेसवाला अजूनही आमच्याकडे पाठ करून वाजवतो. पंचवीस वर्षं झाली. एकदा तोंड दाखव म्हणावं.”

“दाखवलं तर तुम्हीच लिहाल, पाठ बरी होती,” हामानो बाई म्हणाल्या.

दोघांनी घड्या घालून कागद पेटीत टाकले. निरोप घेताना साकाकी नेहमीपेक्षा अंमळ जास्त वाकला. ओकिताही तेवढाच वाकला, आणि पुढचा माणूस आला.

पाच वाजता कपडे बदलायच्या खोलीत पेटी उघडली. नागासे आरशासमोर कापसाने रंग पुसत होता. ओकिता मोठ्याने वाचू लागला.

“‘धुराचं यंत्र कायम डावीकडेच का? उजवीकडच्यांनी काय घोडं मारलंय?’ ‘दुसऱ्या अल्बममधलं एकही गाणं नाही. सलग चौदावं वर्ष.’ ‘दुपारचा कार्यक्रम ठेवलात ते ठीक, पण माणसाने जेवायचं कधी?’”

बेसवाल्याने बिअरचा डबा उघडला. ड्रमवाला अकरा मिनिटांवरून कुरकुरला. ओकिता सकाळपासून पहिल्यांदा खुर्चीत टेकला.

“कोणाला कळलं नाही,” तो म्हणाला.

नागासेने आरशातूनच विचारलं, “गाण्याबद्दल काय लिहिलंय?”

“वाईट काहीच नाही.”

“आणि चांगलं?”

ओकिताने गठ्ठा पुन्हा हातात घेतला. प्रश्न चौथा, ‘गायनाबद्दल आपलं मत’. त्याखालची चौकट कोरी होती. दुसऱ्या कागदावरही कोरी. तिसऱ्यावरही. टॉवेलबद्दल लिहिताना जागा संपली म्हणून समासात शिरणारी, तिथून कागदाच्या पाठीवर जाणारी ही माणसं. गठ्ठा पाच जणांत वाटला गेला. कागद उलटल्याचा आवाज तेवढा येत होता.

एकशे एक्याऐंशी चौकटी कोऱ्या होत्या.

उरलेला कागद साकाकीचा. त्याने तिथे काहीतरी लिहिलं होतं आणि मग खोडरबराने पुसलं होतं. पण पेन्सिल दाबून लिहायची त्याची सवय. ओकिताने कागद आरशावरच्या दिव्याखाली तिरपा धरला.

‘नवीन मुलगा चांगला गातो. शिमोदा-सान आता किती शब्द बोलतात?’