एका चुलीचे कुटुंब

“अहो भाऊजी, जरा जवळ सरका. आत्ता तपासनीस दारात उभा राहिला तर त्याला काय दिसेल? बसस्टॉपवरची दोन परकी माणसं!”

थोरला वीतभर सरकला. धाकटा तसूभरही हलला नाही. धाकट्याच्या बायकोने दोघांच्या मध्ये भाताचे पातेले आपटले आणि ती समोर बसली. अकरा वर्षांनी दोघे भाऊ एका टेबलाशी जेवत होते, आणि तेही सरकारच्या कृपेने.

नवा कायदा आला होता. कामगाराच्या सगळ्या कुटुंबाचे औषधपाणी फुकट. कुटुंब म्हणजे कोण, यावर विधिमंडळात म्हणे तीन दिवस वाद झाला आणि शेवटी ठरले, एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. खरेखोटे पाहायला तपासनीस न सांगता, ऐन जेवणाच्या वेळी येणार होता. घरात दोन चुली सापडल्या तर नाव कटाप.

थोरला न्हावी. एक खुर्ची, एक आरसा, स्वतःचे दुकान. त्याला कामगार कोण म्हणणार? हर्नियामुळे तो वर्षभर वाकून चालत होता. डॉक्टरने ऑपरेशन सांगितले, आणि खर्च ऐकून त्याने दुखणेच परवडले असे ठरवून टाकले. धाकटा सरकारी छापखान्यात यंत्रावर होता. त्याच्या बायकोने अर्जात दिराचे नाव परस्पर घातले. धाकट्याने न वाचता सही केली, निदान तो तसे म्हणाला.

भांडण झाले होते खिडकीवरून. बाप गेल्यावर घराच्या मधोमध फळ्यांची भिंत आली. खिडकी कुणालाच सोडवेना, तेव्हा सुताराने भिंत नेमकी खिडकीच्या मध्यावर नेली. एक झडप याची, एक त्याची. थोरल्याची बायको होती तोवर त्याच्या बाजूला निदान बोलणे तरी ऐकू यायचे. ती गेल्याला दीड वर्ष झाले होते. तेव्हापासून तो एकाच पातेल्यात शिजवायचा आणि ओट्याशी उभ्या उभ्या त्याच पातेल्यातून खायचा. आता त्याची शेगडी चादरीत गुंडाळून माळ्यावर गेली होती.

पहिले तीन दिवस दोघे भाऊ आपापल्या ताटात पाहून जेवले. चौथ्या दिवशी थोरला म्हणाला, “मीठ.”

“हातापाशीच आहे,” धाकटा म्हणाला.

“झालं भाषण दोघांचं?” भावजयीने विचारले.

दुसऱ्या आठवड्यात तिने परीक्षाच घेतली. तपासनीस काय वाटेल ते विचारेल, तयारी हवी. “सांगा भाऊजी, यांना काय आवडत नाही?”

“कारलं. लहानपणी चड्डीच्या खिशात कोंबून बाहेर नेऊन टाकायचा. आई म्हणायची, या एका पोराच्या खिशाला मुंग्या कशा लागत नाहीत!”

“आणि हा ते वेचून आणून आईला दाखवायचा,” धाकटा म्हणाला. “चुगलखोर.”

त्या दिवशी भात पुरला नाही.

मग तपासनिसाच्या नावावर बरेच काही खपू लागले. त्याला घरोबा दिसावा म्हणून थोरला रविवारी धाकट्याचे केस कापू लागला. त्याला गप्पा ऐकू याव्यात म्हणून जेवणे तासभर चालू लागली. तपासनीस मात्र काही येईना.

आणि एका दुपारी आरोग्य कचेरीतला कारकून दाढीला आला. अर्ध्या गालाला फेस असतानाच म्हणाला, “अभिनंदन! तुमचं नाव पक्कं झालं. आठवड्यात कार्ड येईल. ऑपरेशनची तारीख घेऊन टाका.”

“पण तपासनीस कुठे आला अजून?”

“कसला तपासनीस घेऊन बसलात? एवढी घरं हिंडायला माणसं आणायची कुठून? तपासणीच रद्द झाली. आता दोन चुली मांडा नाहीतर दहा मांडा, कोण विचारतंय!”

थोरल्याचा वस्तरा थांबला. गेले वर्षभर ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते झाले होते. कारकुनाला चहा पाजावा, दुकान बंद करून धावत घरी जावे. पण त्याच्या डोळ्यांपुढे माळा आला. खोटे नाटक संपले, म्हणजे आता शेगडी खाली काढायची. ओट्याशी उभे राहायचे.

“अहो, कापलं की काय?” कारकून दचकून म्हणाला.

“छे छे. जपून करतोय.”

घरी जाताना त्याने दोनदा चपलेत नसलेला खडा झटकला. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा त्याचे काय सांगायचे ते ठरले होते.

पाने वाढून झाली. तो भाताकडे पाहत म्हणाला, “आज आरोग्य कचेरीतला कारकून आला होता दाढीला. म्हणाला, तपासनीस यायचाच आहे. नक्की येणार. वर्ष लागेल, दोन वर्षं लागतील, पण गाफील राहू नका.”

धाकट्याचा घास हातातच राहिला. त्याने थोरल्याकडे पाहिले, मग बायकोकडे, मग खाली ताटात.

“येणारच,” तो म्हणाला. “सरकारी माणूस तो, त्याचा काय नेम? वाढ गं त्याला.”

भावजय वाढायला उठली आणि हातातल्या डावासकट खाली बसली. तिला हसू आवरेना. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांत पाणी आले.

“झालं काय एवढं?” थोरल्याने विचारले.

“काय सांगू भाऊजी! तपासणी रद्द केल्याचा हुकूम महिन्यापूर्वी यांनीच छापला, आणि घरी येऊन मला शपथ घातली, काही झालं तरी दादाला कळू द्यायचं नाही.”