हातात दिलेला चाकू

दुकानदाराने तिसरा चाकू उघडून काउंटरच्या काचेवर ठेवला. "हातात देत नाही काकू, भांडणं होतात. हा जपानी पोलादाचा, नुसत्या अंगठ्याने उघडतो. दुकानातला सगळ्यात भारी."

हे माझ्या शेजारी उभे होते, भिंतीवरचं कॅलेंडर बघत. एरवी यांनी चार दुकानं पालथी घातली असती, धार नखावर लावून पाहिली असती आणि खोट काढून काढून दुकानदाराला रडकुंडीला आणलं असतं. यांचा जुना घडीचा चाकू आमच्या मुलाच्या, निनादच्या सॅकमध्ये होता. अपघातात निनाद गेला, सॅकही गेली. त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून आमच्या घरात एकदाही भांडण झालेलं नाही. आमटी खारट झाली तरी हे निमूट जेवतात.

मी मुद्दाम पहिला चाकू उचलला. चकचकीत शिसवी मूठ, वर सोनेरी वेलबुट्टी. असले नखरे यांच्या डोक्यात जातात, "हा चाकू आहे की अत्तरदाणी?" असं म्हणून हे दुकान डोक्यावर घ्यायचे. मी चाकू मिटला आणि काचेवर न ठेवता सरळ यांच्या हातात दिला.

"अहो काकू!" दुकानदार म्हणाला. मी यांच्या तोंडाकडे बघत राहिले. भांडा, मी मनात म्हटलं, एकदा तरी भांडा माझ्याशी.

यांनी पातं उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

"छान आहे," म्हणाले.